सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी इतके खोल का?

आपला प्रश्न असा की, सुकी, मोर, अनेर अशा नद्या सातपुड्यातून उतरत असतानाही यावल-रावेरच्या डोंगरालगतच्या गावांत बोअर शेकडो फूट खाली न्यावे लागते, उलट तापीच्या दक्षिणेला पारोळा-एरंडोलकडे थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, हे कसे? याचे उत्तर पर्जन्यमानात नसून डोंगराच्या घडणीत आहे.

नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये उभा असलेला सातपुडा बराचसा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. मध्य प्रदेशातले धूपगड सुमारे १,३५० मीटर, तर आपल्या नंदुरबारमधला अस्तंभा सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. या रांगेच्या दोन्ही बाजूंची जमीन भेगांवरून खचली आणि त्या खोलगट पट्ट्यांतून या दोन नद्या पश्चिमेकडे वाहू लागल्या. म्हणूनच फैजपूरहून उत्तरेकडे पाहिले की डोंगर हळूहळू चढत जाताना दिसत नाही, भिंतीसारखा एकदम उभा राहतो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून बारमाही गरम पाणी येते, तेही याच भेगांमुळे. तिथे ज्वालामुखी नाही, खोलवर गेलेले पाणी तापून वर येते.

खरा मुद्दा पायथ्याचा आहे. तीव्र उतारावरून धावणारी नदी सपाटीवर येताच तिचा वेग मोडतो आणि आणलेले ओझे ती तिथेच टाकते: आधी मोठे गोटे, पुढे रेती, आणि तापीच्या जवळ बारीक गाळ. हा गाळ पंख्याच्या आकारात पसरतो. शेजारशेजारच्या नद्यांचे असे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या कडेने जो सलग पट्टा तयार झाला, त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. रावेर तालुक्यातल्या डोंगरातील पाल गावाच्या बाजूने खाली येताना पावसाळ्यातला एखादा नाला नीट पाहा. डोंगरातून बाहेर पडताना दुथडी असलेले पाणी गोट्यांच्या पात्रात काही अंतरावर दिसेनासे होते. ते कुठे वाहून जात नाही, जागीच मुरते. मात्र खालचा भराव इतका जाड आहे की ते फार खोल जाते, आणि केळीसाठी वर्षानुवर्षे झालेल्या उपशाने पातळी आणखी खाली ढकलली आहे.

माझ्या शेतातल्या जुन्या विहिरीच्या उघड्या काठावर हा इतिहास उभा दिसतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर चिकणमाती, मग मुठीएवढ्या गुळगुळीत गोट्यांचा थर, पुन्हा चिकणमाती. या चिकणमातीकडे दुर्लक्ष करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण वरचे पाणी तीच अडवते. नाला केवळ रुंद करून पिवळ्या थरावर पाणी साठवले, तर त्यातले बरेचसे उन्हात उडून जाते. थर कापून रेती-गोट्यांपर्यंत पोहोचले, तरच पाणी खाली उतरते. तापीच्या दक्षिणेला हा भराव पातळ असल्याने मुरूम आणि पाषाणाच्या फटींवरच विहीर चालते. तिथली उपाययोजना म्हणूनच वेगळी आहे आणि ती जशीच्या तशी इकडे आणू नये.

आपण नवीन बोअर घेणार असाल, तर भुसभुशीत भरावात भोक ढासळते, त्यामुळे केसिंगचा, म्हणजे भोकाला आधार देणाऱ्या पाइपचा खर्च आधीच धरावा. दर दहा फुटांना निघालेली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर खोली लिहून ठेवावी. पुढे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी पुनर्भरणाचा खड्डा किती खोल घ्यायचा, हे त्याच पिशव्यांवरून ठरवता येईल.