‘मराठा’ आलं की मी जोरात म्हणायचे

प्रिय पिल्लू,

२६ जानेवारीला इथे ऑस्ट्रेलियात पार्कातलं झेंडावंदन आटपून आपण घरी येत होतो आणि तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आई, राष्ट्रगीतात ‘मराठा’ आलं की तू मोठ्याने म्हणतेस कारण त्यात तुझं नाव आहे. माझ्या मैत्रिणीच्या आईचं आसाम त्यात नाहीच आहे. मग ते सगळ्यांचं गाणं कसं?" मी म्हटलं घरी गेल्यावर बोलू, आणि रेडिओ लावला. घरी गेल्यावर काही बोलले नाही. चार दिवस झाले, भांडी घासताना, ट्रेनमध्ये, तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, कंटाळा आला तर बाबा वाचून दाखवेल.

पहिली गोष्ट, तू म्हणालीस ते खरं आहे. मी मोठ्याने म्हणते. लहानपणापासून म्हणते.

नाशिकरोडला आमच्या शाळेचं मैदान होतं, २६ जानेवारीला सकाळी सातला तिथे जायचं, आणि नाशिकची जानेवारीतली थंडी तुला माहीतच नाही, तू कायम मे महिन्यात येतेस. स्वेटर घालायचा नाही, युनिफॉर्म दिसला पाहिजे. आदल्या रात्री माई माझ्या कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासून ते खिडकीत वाळत ठेवायची. कुडकुडत रांगेत उभं राहायचं, दात वाजायचे, राष्ट्रगीत सुरू झालं की सगळे एका सुरात, आणि ‘पंजाब सिंध गुजरात’ झाल्यावर ‘मराठा’ आलं की अख्ख्या मैदानाचा आवाज चढायचा. कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप व्हायचं. पुढचं ‘द्राविड उत्कल बंग’ आम्ही भराभर उरकायचो. उत्कल म्हणजे ओडिशा हे मला सातवीत कळलं. गाण्याची भाषा बंगाली आहे हेसुद्धा उशिराच कळलं, मला वाटायचं संस्कृत असेल. मग बुंदीचा लाडू मिळायचा कागदात बांधून, तो घरी नेईपर्यंत निम्मा संपायचा.

दुसऱ्या दिवशी माई रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायची. गटाराच्या कडेचे, कुणाच्या चपलेखाली आलेले, सगळे. पुसून, घडी करून देवघराखालच्या खणात. त्यावर तिने कधी भाषण नाही दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "पायाखाली येतात गं." एवढंच.

आता अण्णांचं सांगते. तुला आजोबा म्हणजे फक्त व्हिडिओ कॉलवर कान फोनला लावून बसणारे माहीत आहेत, पण ते तीसेक वर्षं नोट प्रेसमध्ये होते. नाशिकरोडचा प्रेस म्हणजे आमच्याकडे घड्याळच होतं, भोंगा झाला की कुकर लावायचा. तिथे नोटा छापायला १९२८ मध्ये सुरुवात झाली, त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट. म्हणजे सारनाथचे ते सिंह माझ्या लहानपणी आमच्या गावात रोज हजारोंनी छापले जायचे आणि अण्णांना त्याचं काही विशेष वाटायचं नाही, ते घरी येऊन पाठ दुखते म्हणायचे.

आणि आमच्या समोरच्या घरात सिंधी अम्मा होत्या. त्यांच्याबद्दल मी तुला कधीच सांगितलं नाही, का ते आता सांगते. फाळणीत सखरहून आल्या होत्या, मुलाचं बिटको चौकाजवळ कापडाचं दुकान होतं. मराठी शेवटपर्यंत मोडकंतोडकंच बोलायच्या. २६ जानेवारीला त्यांच्याकडे टीव्हीवर परेड बघायला आम्ही सगळी मुलं जमायचो. राष्ट्रगीत लागलं की अम्मा गुडघे धरून उठायच्या आणि ‘सिंध’ आलं की डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. दरवर्षी. मी पाचवीत होते, नुकताच भूगोल शिकलेली, मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अम्मा, सिंध तर पाकिस्तानात आहे. गाण्यात चुकलंय ते."

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, कोकी घेऊन आल्या, सगळ्यांना दिली, मलाही दिली. परेड संपली.

घरी माईने माझी अशी खरडपट्टी काढली की आजही आठवतं, आणि माझं चुकलं काय हे मात्र तिने सांगितलं नाही. म्हणून मी तुझ्यावर गाडीत चिडले नाही. चिडणार होते. मग वाटलं की हा प्रश्न मीच विचारला होता, फक्त उलट्या बाजूने. अम्मांचं नाव गाण्यात होतं आणि गाव देशात नव्हतं. तुझ्या मैत्रिणीच्या आईचं गाव देशात आहे आणि नाव गाण्यात नाही. माझं दोन्हीकडे आहे, म्हणून मला कधी बघावंच लागलं नाही.

त्या रात्री अण्णांनी मला जवळ बसवलं. ते म्हणाले १९३६ पर्यंत सिंध आणि आपलं नाशिक एकाच मुंबई इलाख्यात होतं, अम्मा जन्मल्या तेव्हा त्या आणि तुझी पणजी एकाच इलाख्यातल्या. आणि फाळणी झाल्यावर पाकिस्तानकडे लगेच स्वतःच्या नोटा नव्हत्या, तर १९४८ मध्ये आपल्याच प्रेसमधल्या नोटांवर ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असा शिक्का छापून त्या तिकडे गेल्या. अण्णा तेव्हा प्रेसमध्ये नव्हते, जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगायचे. म्हणजे अम्मा तिकडून रिकाम्या हाताने इकडे आल्या आणि इथल्या नोटा तिकडे. मला तेव्हा यातलं अर्धंच कळलं असेल.

पुढे एकदा अम्मांनी मला दहाची नोट दाखवली. मागच्या बाजूला भाषांची ती पट्टी असते ना, एकाखाली एक, तेव्हा तेरा भाषा होत्या, आता कोकणी आणि नेपाळी धरून पंधरा. अम्मा म्हणाल्या, "तेरे बाबा प्रेस में हैं ना? उनको बोल, हमारी सिंधी भी छापें." मी अण्णांना सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मी शीट मोजतो गं. काय छापायचं ते वर ठरतं." सिंधी १९६७ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे भाषांच्या यादीत आहे, पण त्या पट्टीत अजूनही नाही.

तर बघ, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाहीये. तुझ्या शाळेत तीन झेंडे असतात, आणि तुमच्या इथल्या राष्ट्रगीतातला एक शब्द २०२१ मध्ये बदलला, ‘यंग’चं ‘वन’ झालं, कारण इथले मूळचे लोक हजारो वर्षांपासून इथेच आहेत. तुला वाटतं, बदलायचं, त्यात काय. आमच्याकडेही लोकांनी विचारलंय. सिंध काढा म्हणून कोणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २००५ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं, की सिंध म्हणजे फक्त जमीन नाही, सिंधी माणसं आणि त्यांची संस्कृतीही आहे. ते वाचलं तेव्हा मला अम्मांचा पदर आठवला, त्या असत्या तर फोन केला असता. आणि २०१८ मध्ये आसामच्या एका खासदारांनी राज्यसभेत मागणी केली की सिंधच्या जागी ईशान्येचं नाव घाला. त्यांचंही मला पटतं. पण अम्मांचं काढून त्यांचं घालायचं असेल तर मला नाही पटत. दोन्ही एकदम पटणं बरोबर आहे का माहीत नाही, पण तसं आहे खरं.

एक मात्र सांगायचंय. तू उभी राहिलीस पण म्हटलं नाहीस, आणि मी तुझ्याकडे बघितलं, ते तुला दिसलं. केरळमधल्या तीन भावंडांनी असंच केलं होतं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण त्यांच्या धर्मामुळे म्हणायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. तेव्हा तुलाही चालेल. महाराष्ट्रात २००३ पासून थिएटरमध्ये पिक्चरआधी राष्ट्रगीत लागायला लागलं, तिथे एकदा एक म्हातारे गृहस्थ बसून राहिले म्हणून मागच्या पोरांनी त्यांना शिव्या दिलेल्या मी ऐकल्यात. त्यांचे पाय दुखत असतील की आणखी काही, कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्याचं अजून वाईट वाटतं. तसं तुझ्यावर मला करायचं नाहीये.

मी मात्र उभी राहीन, आणि बहुतेक ‘मराठा’ला आवाज चढेल, पस्तीस वर्षांची सवय आहे. ‘सिंध’ला मी मनात अम्मांना आठवते, हे तुला आत्ता पहिल्यांदा सांगतेय. ईशान्येसाठी काय आठवायचं ते मला माहीत नाही, कारण तिथलं मी कोणालाच ओळखत नव्हते, तुझी मैत्रीण भेटेपर्यंत.

तू मुंजीला आली होतीस तेव्हा अण्णांनी दिलेली दहाची नोट तुझ्या पेन्सिलबॉक्समध्ये आहे. ती उलटी कर. भाषांच्या पट्टीत सगळ्यात वरची ओळ बघ, ती असमिया आहे. मराठी बरीच खाली आहे. पुढच्या शनिवारी तुझ्या मैत्रिणीची आई आपल्याकडे जेवायला येणार आहेत, तेव्हा ती ओळ त्यांच्याकडून वाचून घे, मलाही ऐकायचीये.

तुझी,
आई