घरी बांधलेल्या विमानात कार्ब्युरेटर आणि केबिन या दोहोंना एकाच एक्झॉस्ट आवरणातून गरम हवा देता येईल का?

देता येईल, पण शक्यतो देऊ नये. (कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी हवेत इंधन मिसळणारा भाग, आणि एक्झॉस्ट आवरण म्हणजे धुराच्या गरम पाइपभोवतीचे कवच, ज्यातून जाताना हवा तापते.) कॉन्टिनेंटल ओ-२०० सारख्या इंजिनाला दोन बाजूंना दोन एक्झॉस्ट असल्याने एका बाजूचे आवरण कार्ब्युरेटरसाठी आणि दुसऱ्या बाजूचे केबिनसाठी ठेवणे सहज जमते. इंधनाचे बाष्पीभवन आणि व्हेंचुरीतील (कार्ब्युरेटरच्या आतील अरुंद गळ्यातील) दाबाची घट यांमुळे कार्ब्युरेटरमधील तापमान ३० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक उतरू शकते, त्यामुळे बाहेर २० अंश तापमान आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो. म्हणूनच अमेरिकेच्या जुन्या प्रमाणन नियमांत, समुद्रसपाटीच्या (म्हणजे सुपरचार्जर नसलेल्या) व्हेंचुरी-कार्ब्युरेटर इंजिनासाठी, ७५ टक्के शक्तीवर हवा ९० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ५० अंश सेल्सिअसने, तापवण्याची अट होती. हौशी बांधणीला ती बंधनकारक नसली तरी मोजमाप म्हणून उत्तम आहे. आवरण सामाईक असेल आणि दोन्ही झडपा एकदम उघडल्या, तर नेमकी हीच वाढ हाती लागत नाही. झडप बंद असतानाही आवरणातून हवा वाहती राहून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर आतला पाइप जास्त तापून लवकर तडकतो. केबिनच्या बाजूला अशी तड म्हणजे थेट कार्बन मोनॉक्साइड, तेव्हा फायरवॉलवरील (इंजिन आणि केबिन यांमधील अग्निरोधक भिंतीवरील) झडप पोलादाचीच, घट्ट मिटणारी असावी आणि या वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे (वायू लागला की काळा पडणारा स्वस्त ठिपका पुरेसा नाही, कारण त्याच्याकडे कोणी पाहत नाही). मात्र इंधन-इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या, इंजिनाला कार्ब्युरेटरच्या बर्फाचे हे म्हणणे लागू नाही. त्याला कार्ब्युरेटर-हीटऐवजी (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याऐवजी) पर्यायी हवेची वाट, म्हणजे नेहमीचा हवेचा मार्ग तुंबल्यास हवा घेण्याचा दुसरा मार्ग, लागते.