पगारातून कापले जाणारे ते १३२ रुपये

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. आम्ही ६० कामगार आहोत. माझा पगार १७,६०० रुपये. एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला आणि १७ दिवस घरीच विलगीकरणात काढले. कंपनीने ते सगळे दिवस बिनपगारी धरले. माझ्या हक्काच्या १४ रजा शिल्लक आहेत, पण साहेब म्हणतात, "रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो." व्हॉट्सअॅपवर २८ दिवस पगारी रजा सक्तीची केल्याचा आदेश फिरतोय. जास्त बोललो तर काढून टाकतील, अशी धास्ती आहे. काय करावं?

उत्तर : (खाली दिलेले कायदे, कलमं आणि दर २०२१ मधले आहेत.) तो २८ दिवसांचा आदेश आधी बाजूला ठेवा. तो खोटा नाही, पण मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने काढलेला आहे, अंबडला लागू होत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्च २०२० चा आदेशही तुमच्या कामाचा नाही. तो टाळेबंदीत बंद असलेल्या आस्थापनांच्या पगाराबद्दल होता आणि १८ मे २०२० पासून मागे घेतला गेला. हे कागद घेऊन साहेबांपुढे गेलात, तर पहिल्याच मिनिटाला तुमची बाजू लंगडी पडेल.

तुमची खरी बाजू पगाराच्या पावतीवर आहे. तुमच्या पत्रात ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, उल्लेखच नाही, याचं मला वाईट वाटलं, कारण असे कितीतरी कामगार दर महिन्याला पैसे भरतात आणि ते कशासाठी, हे त्यांना कुणी सांगत नाही. पगार २१,००० रुपयांच्या आत आहे आणि कामगार ६० आहेत, म्हणजे तुम्ही कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ खाली येता. पावतीवर १३२ रुपयांची कपात शोधा. ते तुमच्या पगाराचे पाऊण टक्का. कंपनीने त्यात स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५७२ रुपये घालायचे असतात.

या विम्यातून आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. तुमचे १५ दिवस उरतात. दिवसाला साधारण ४१० रुपये, म्हणजे सहा हजारांच्या वर रक्कम होते.

एक अट मात्र नीट तपासा. जानेवारी ते जून २०२१ मधल्या आजारपणासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२० ही सहामाही बघतात आणि त्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. नेमकी त्यातच टाळेबंदी होती. एप्रिल-मेचा पगार मिळाला नसेल आणि तुमचा कारखाना जूनच्या मध्यावर सुरू झाला असेल, तरी पुढचे साडेतीन महिने सलग भरले असतील तर अट पूर्ण होते. त्या महिन्यांच्या पावत्या काढून ठेवा. कंपनीने कापलेले पैसे भरलेच नाहीत असं निघालं, तर ती चूक तुमची नाही. तसं ईएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवा.

आजारपणाचा दाखला सहसा ईएसआयच्याच डॉक्टरांचा लागतो. तुम्ही घरीच होतात, तेव्हा आरटीपीसीआरचा अहवाल, खासगी डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं असं जे असेल ते जोडा आणि पर्यायी पुरावा म्हणून ग्राह्य धरावं अशी विनंती करा. दावा बारा महिन्यांच्या आत करायचा असतो, पण इतकं थांबूच नका.

आता रजा. साहेबांचा पंधरा दिवसांचा नियम खरा, पण अर्धाच. कारखाने अधिनियमात आजारपणाची वेगळी पगारी रजा नाही, मात्र कलम ७९(७) स्पष्ट आहे : आजारपणासाठी शिल्लक रजा मागितली, तर अर्ज मुदतीत नसला तरी ती द्यावीच लागते, आणि तिचा पगार मागणीपासून पंधरा दिवसांत. ताप काय पंधरा दिवस आधी सांगून येतो?

एकाच दिवसाचे दोन्हीकडून पैसे मात्र मिळत नाहीत. पूर्ण पगारी रजा घेतलेल्या दिवशी ईएसआयचा लाभ नाही. १४ रजा वापरल्यात तर हातात आठ हजारांच्या आसपास येतील, म्हणजे ईएसआयपेक्षा जास्त, पण रजा संपतील. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दोन दिवसांना रजा लावून बाकीचे १५ दिवस ईएसआयकडे मागितले असते. कोरोनानंतरचा थकवा लांबतो, त्या १२ रजा पुढे लागतील. ईएसआयचा दावा नाकारला गेला, तरच रजा पूर्ण वापरा.

कंपनीला साधं पत्र द्या : आजाराच्या तारखा, रजेची मागणी, कलमाचा उल्लेख. धमकीची भाषा नको. पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही रजेचे पैसे दिले नाहीत, तर वेतन प्रदान अधिनियम १९३६ च्या कलम १५ खाली बारा महिन्यांत अर्ज करता येतो. रजेबद्दलची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाते.

राहिली नोकरीची धास्ती. ईएसआयचा आजारपणाचा लाभ घेत असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही, असं कलम ७३ सांगतं. आता तुम्ही कामावर परतला आहात, त्यामुळे हे संरक्षण पुढच्या दिवसांना पुरणार नाही. पण वर्षभरात २४० दिवस काम झालेल्या कामगाराला कामावरून कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. तोंडी "उद्यापासून येऊ नको" म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी वेळेवर गेटवर जा, आत घेतलं नाही तर त्याच दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. राजीनाम्यावर सही मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका.