परभणीत राहतो, रोज ६० किमी येणंजाणं आहे, पर्यावरणाच्या दृष्टीनं सीएनजी घेऊ का इलेक्ट्रिक?

भाऊ, घर स्वतःचं असंल तर इलेक्ट्रिकच घ्या. आपल्याकडं ऊन काय कमी आहे का, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर टाकलं की दिवसाला साधारण १२ युनिट बनतात, छोटी ईव्ही एका युनिटात ६-७ किमी जाते म्हणजे तुमचं रोजचं त्यातच भागतं, अन् केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी पण मिळते. सोलर नसंल तर वीज बरीचशी कोळशाचीच, परळीच्या वीज केंद्राचा धूर बघितलाय ना. सीएनजी पेट्रोलपेक्षा बरी, पण तीबी जळतेच की, अन् आमच्या गाडीत डिकी टाकीनंच भरलीय, लग्नाला निघालं की बॅगा मांडीवर. मे महिन्यात मात्र उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, सावलीत जरा गार होऊ द्या.