पत्त्यांतला शेअरबाजार: तुमची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत मे महिन्यात शेअरबाजाराचे पत्ते रंगतात आणि त्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. या फुशारकीची शिक्षा म्हणून संपादकांनी आलेली सगळी पत्रं माझ्याकडे पाठवली. वाक्याचा दुसरा भाग खोटा होता, तेही या निमित्तानं कबूल करतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, १९८१ ते १९९५ मी दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअरबाजाराच्या रिंगमध्ये, म्हणजे ओरडून आणि हातवारे करून सौदे व्हायचे त्या जागी, एका जॉबरकडे (स्वतःच्या पैशानं सतत घेणारा-विकणारा) सौदे लिहायला होतो. त्यामुळे मी पत्त्यांबद्दल बोलू लागलो की रिंगच्या गोष्टी मध्ये घुसतात. त्या खपवून घ्या.

काका, मामानं त्याच्या लहानपणचा डबा दिलाय. पत्ते सगळे आहेत, पण नियमांचा कागद उंदरानं खाल्ला. कसं खेळायचं?
— सातवीतली वाचक, सांगली

उंदरानं नियम खाल्ले, पत्ते ठेवले. नशीब समज. छापणाऱ्यागणिक नियम थोडे बदलतात, म्हणून आमच्या डब्यातले सांगतो. तुझ्या पत्त्यांवरचे आकडे वेगळे असले तर तेच धर.

आमच्यात सहा कंपन्या आहेत. सगळ्यात स्वस्त औषधांची, २० रुपयांची. सगळ्यात महाग संगणकाची, ८० रुपयांची. प्रत्येक भिडूला सुरुवातीला कागदोपत्री ६ लाख रुपये. एक जण बँक सांभाळतो आणि मोठ्या कागदावर भाव लिहितो. पत्ते पिसून प्रत्येकाला दहा वाटायचे. पत्त्यावर कंपनीचं नाव आणि ‘अधिक १०’ किंवा ‘उणे १५’ असा आकडा असतो. ते फक्त स्वतः बघायचे, छातीशी धरायचे. माझ्या धाकट्या नातवासारखे पंख्याखाली पसरायचे नाहीत.

मग तीन पाळ्या. आपल्या पाळीला एकच काम करायचं: घ्या, विका किंवा गप्प बसा. सौदा हजाराच्या पटीत. तिसरी पाळी संपली की सगळ्यांनी पत्ते उघडायचे. एकेका कंपनीचे सगळे आकडे मिळवायचे, जी बेरीज येईल तेवढा भाव वर किंवा खाली. पुन्हा पिसा, पुन्हा वाटा, सुरुवात करणारा बदला. किती डाव हे आधी ठरवून घे. आमच्याकडे दहा असतात. शेवटी रोख अधिक हातातल्या शेअरांची किंमत ज्याची जास्त, तो जिंकला.

आता मी स्वतः कसा आपटलो ते ऐक, म्हणजे खेळ कळेल. पोलादाची कंपनी ४० वर होती. माझ्या हातात तिचे अधिक १५ आणि अधिक १०. मी मनात म्हटलं, भाव ६५ होणार. पहिल्याच पाळीला ५,००० शेअर घेतले, २ लाख गेले. बाकीच्या तिघांपैकी कुणी पोलादाला हात लावेना. मला वाटलं, यांना पत्ते लागले नाहीत. उघडले तर उणे १०, उणे १५, उणे २० आणि एकुलता एक अधिक ५. माझे २५, त्यांचे उणे ४०, एकूण उणे १५. भाव २५ वर, मला ७५,००० ची खोट. तू फक्त तुझे दहा पत्ते पाहतेस. बाकीचे लोकांच्या वागण्यातून पाहायचे असतात. तिघांचं न घेणं हीच बातमी होती, आणि मी ती वाचली नाही.

काही पत्त्यांवर कंपनी नसते. कर्जाचा पत्ता आला तर बँकेकडून १ लाख घ्यायचे. राइट्सचा, म्हणजे आधीच शेअर असणाऱ्यांनी नवे घ्यायच्या हक्काचा, पत्ता असला तर हातातल्या दर दोन शेअरांमागे एक, अवघ्या १० रुपयांना. (खऱ्या कंपन्या इतक्या दिलदार नसतात. २०२० मध्ये रिलायन्सनं राइट्स दिले, ते दर पंधरांमागे एक, १,२५७ रुपयांना.) स्थगितीच्या पत्त्यानं एखाद्या कंपनीचा त्या डावातला चढउतार रद्द होतो. डिबेंचरचा (कर्जरोख्याचा) पत्ता जपून ठेव. भाव शून्यावर गेला की बाकीच्यांकडे रद्दी उरते, तुला सुरुवातीचा भाव परत मिळतो. आणि चलनाचा पत्ता असतो, आपल्या रोख रकमेवर दहा टक्के अधिक किंवा उणे. अधिकचा आला तर ६ लाख तसेच हातात ठेव, बसल्या जागी ६०,००० मिळतात. उणेचा आला तर पैसे पटापट शेअरांत घाल. पोरं नेमकं उलटं करतात.

आमच्या सासूबाई दर वेळी जिंकतात. त्यांना शेअरबाजारातलं काही कळत नाही, पेपरातलं भविष्य तेवढं वाचतात. त्या नक्की करतात काय?
— हरलेली सून, नाशिक रोड

ताई, त्या भविष्य वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात.

रिंगमध्ये कंपनीबद्दल काही न कळणारे जॉबर मी पाहिलेत. कारखाना काय बनवतो हेही त्यांना ठाऊक नसायचं. तळहात स्वतःकडे म्हणजे घेणार, तळहात समोरच्याकडे म्हणजे विकणार, आणि हात वर जाण्याआधी माणसाच्या मानेत जी हालचाल होते ती त्यांना कळायची. आमचे शेठ मला सांगायचे, भाव नंतर लिही, आधी कोण कुणाला शोधतोय ते बघ. १९९५ मध्ये संगणकाच्या पडद्यावरचे सौदे आले, रिंग ओस पडली, आणि त्या मंडळींची निम्मी विद्या एका दिवसात कुचकामी झाली. ती आता तुमच्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात जिवंत आहे म्हणायची.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘त्या पहिल्या पाळीला काहीतरी फालतू घेतात आणि शेवटी विकून टाकतात.’ तिथेच सगळं आहे. या खेळात पत्ते उघडेपर्यंत भाव हलत नाही. म्हणजे पहिल्या पाळीला ८० ला घेतलेलं तिसऱ्या पाळीला ८० लाच विकता येतं. दलाली नाही, कर नाही. हूल फुकटात मिळते, खर्च होतो फक्त पाळीचा. त्यांच्या हातात संगणकाचे दोन मोठे उणे असतात, तरी त्या ऐटीत २,००० घेतात. तुम्ही म्हणता, आईंना काहीतरी माहीत आहे, आणि मागोमाग ५,००० घेता. तिसऱ्या पाळीला त्या निघून जातात, तुम्ही राहता. खऱ्या बाजारात हे असं फुकट जमत नाही. घेताना तुमच्याच मागणीनं भाव चढतो, विकताना तुमच्याच पुरवठ्यानं पडतो, वर दलाली आणि कर.

उपाय म्हणाल तर दोन. त्यांची पहिली पाळी हिशेबात धरू नका, तिसरी धरा. आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला बसा, म्हणजे पाळी डावीकडे फिरताना त्या तुमच्यामागून येत असतील... नाही, चुकलो. डाव्या हाताला बसा. त्यांचं झाल्यावर तुमची पाळी यायला हवी. पत्ते उघडण्याआधी शेवटचं बोलणारा माणूस सगळ्यात श्रीमंत असतो.

कंपनीचा भाव ५ वर आला की आमच्यात सगळे ती विकून टाकतात. बरोबर आहे ना?
— कॉलेजातली मुलं, लातूर

माझ्याशी खेळायला या, मी वाट बघतो.

आमच्या डब्यातल्या नियमानं ५०,००० शेअर झाले की संचालक. त्याला आपल्या हातातला त्या कंपनीचा एक पत्ता बाद करता येतो. एक लाख झाले की अध्यक्ष, त्याला दुसऱ्याचाही एक बाद करता येतो. २० च्या भावात ५०,००० शेअर म्हणजे १० लाख, सुरुवातीला कुणाच्या बापाला परवडत नाहीत. भाव ५ झाला की तेच अडीच लाखांत. ५ लाखांत अख्खं अध्यक्षपद. मग दर डावात समोरच्याचा सगळ्यात वाईट पत्ता फाडायचा हक्क तुमचा, आणि १० रुपये जरी चढले तरी ५ लाखांचे १५ लाख. धोका एकच, तुमची पाळी येईपर्यंत ती शून्यावर जाऊ शकते. म्हणून म्हटलं, डिबेंचरचा पत्ता जपून ठेवा.

शाळेत चाळीस मुलांना हा खेळ शिकवायचा आहे. पण यातून खरा बाजार कळतो का?
— अर्थशास्त्राच्या बाई, रत्नागिरी

पाच-पाच मुलांची आठ टेबलं लावा. पाच जणांत वाटलेल्या ५० पैकी १० पत्ते प्रत्येकाला दिसतात, तेवढा अंधार बरा. तिघांत एक तृतीयांश दिसतात, मग खेळ गणिताचा होतो. एकाच डब्यावर आठ टेबलं चालणार नाहीत, पण पुठ्ठ्याचे पत्ते मुलांकडूनच करून घेता येतील.

खरा बाजार कळतो का? थोडा, आणि एका ठिकाणी साफ उलटा. हातातले दहा पत्ते म्हणजे काय, हे मुलांना विचारा. उद्या भाव का हलणार हे इतरांच्या आधी कळणं! खऱ्या बाजारात याला आतली खबर म्हणतात आणि तिच्यावर सौदा करणं गुन्हा आहे. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे त्यावरचे नियम १९९२ चे, मग २०१५ मध्ये नवे आले. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत कंपनीच्या आतल्या माणसांना स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. तुमच्या वर्गात मात्र चाळीसच्या चाळीस मुलं आतल्या खबरीवर सौदे करणार. तासाला एवढा एकच मुद्दा पुरतो, बाई, पुढचं मुलंच बोलतील.

मुलगा मोबाइलवर ‘आभासी ट्रेडिंग’ खेळतो. प्रवेश फी भरायची, आजच्या खऱ्या भावांवर खेळायचं, पहिल्या दहांना बक्षीस. शिकतोय म्हणतो. चालू द्यावं का?
— एक वडील, चिंचवड

नाही. पैसे भरून बक्षिसासाठी खेळतो ते शिकणं नव्हे, मग पडद्यावर काहीही लिहिलेलं असो. सेबीनं मे २०२४ मध्येच शेअरबाजारांना सांगितलं की असल्या खेळांसाठी चालू भाव कुणाला पुरवू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनाही सावध केलं. शिक्षणासाठी भाव वापरायचे तर निदान तीन महिने जुने, असं २०२५ च्या जानेवारीत ठरलं होतं. अशा ठिकाणी पैसे अडकले तर बाजाराच्या तक्रार यंत्रणेचं संरक्षण मिळत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. ओरडू नका. त्याला डबा आणून द्या आणि स्वतः समोर बसा. तुम्ही हरलात की त्याला मोबाइलपेक्षा जास्त मजा येईल.

इथे कॅनडात शेजाऱ्यांनी ‘स्टॉक टिकर’ नावाचा जुना खेळ शिकवला. तुम्हाला माहीत आहे?
— मूळचे साताऱ्याचे वाचक, कॅल्गरी

माझ्या भाच्यानं एकदा आणला होता. १९३७ सालचा कॅनडाचाच खेळ. धान्य, तेल, सोनं, चांदी, रोखे आणि उद्योग असे सहा शेअर, सगळे एका डॉलरवर सुरू, आणि भाव ठरवतात तीन फासे. दोन डॉलरला पोचला की शेअर दुप्पट होतात, शून्याला गेला की गेले. एक डॉलरच्या खाली लाभांशही नाही. छान चालतो, गोंगाटही भरपूर होतो. पण फाशांना चेहरा नसतो हो, त्यामुळे माझं मन रमलं नाही. तुमच्याकडे डिसेंबरात बाहेर पडता येत नसेल तेव्हा ठीक आहे. पुढच्या वेळी साताऱ्याला आलात की पत्त्यांचा डबा घेऊन जा, आणि नियमांचा कागद आधी झेरॉक्स करून ठेवा. सांगलीच्या मुलीचं वाचलंत ना वर?