मानसशास्त्राची सुरुवात करताना

मानसशास्त्र घेतलंस, छान केलंस! आधी नावं पाठ करत बसू नकोस. प्रत्येक प्रयोगाला विचार: काय तपासलं, कसं, निष्कर्ष कितपत टिकतो? मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रामचा १९६३ चा आज्ञापालनाचा अभ्यास घे. प्रयोगकर्त्याने सांगितलं म्हणून माणसं दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके किती वाढवत नेतात, हे त्यात पाहिलं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा लक्षात राहतोच, पण सगळे पुरुषच होते हे ज्याला खटकतं, त्याला विषय कळायला लागला.

नवख्यांच्या हमखास चुका:

- ऋण प्रबलनाला (नकोशी गोष्ट दूर करून वर्तन वाढवणं) शिक्षा समजणं. प्रबलनाने वर्तन वाढतं, शिक्षेने कमी होतं. इथे जवळजवळ सगळेच अडखळतात.
- सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींसोबत बदलणं) दिसला की कारण सापडलं असं मानणं.
- मित्रमैत्रिणींना आजारांची लेबलं लावणं. हे अजिबात नको, माणसं दुखावतात.

संख्याशास्त्राला घाबरू नकोस. सध्या सरासरी आणि मध्यक पुरे. आणि रोज पुस्तक मिटून, आठवून लिही.