वाचकांचे प्रश्न: रंगवलेल्या खिडक्यांची बोट

या महिन्यात मेलबॉक्समध्ये बोटींचे प्रश्न इतके आले की बाकीचे (पीएफ, सोसायटीचं पार्किंग, मांजर) पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न: माझा भाचा ग्लासगोला शिकतो. परवा एरन नावाच्या बेटावर फिरायला गेला होता, तिथून फोन करून म्हणाला, मामा, आम्ही आलो ना त्या सरकारी बोटीच्या जलावतरणाला खिडक्याच नव्हत्या, नुसत्या रंगवल्या होत्या. थापा मारतोय का? आणि खरं असेल तर तिकडे सरकारी खर्चावर लक्ष ठेवणारं कोणीच नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर: भाच्याला उगाच बोलू नका, पोरगा खरं सांगतोय. बोटीचं नाव ग्लेन सॅनॉक्स, नोव्हेंबर २०१७ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाज बांधणाऱ्या यार्डात स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे त्यांच्या मुख्यमंत्री म्हणा) निकोला स्टर्जन यांच्या हस्ते वाजतगाजत पाण्यात उतरवली, आणि कप्तान जिथून बाहेर बघतो त्या ब्रिजला काचा बसल्याच नव्हत्या म्हणून तिथे काळा रंग मारून खिडक्या काढल्या होत्या. फोटो मस्त आला. बोट प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. कबूल केलेली तारीख २०१८ ची होती.

आता लक्ष ठेवणारं कोणी नाही का, तर गंमत अशी की लक्ष ठेवणारे भरपूर होते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांची फेरी म्हणजे एकाच घरात तीन चुली. ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड ही सरकारी एजन्सी, ती पैसे देते आणि कंत्राट देते. सीमॅल ही कंपनी बोटींची आणि बऱ्याचशा धक्क्यांची मालक. आणि कॅलमॅक ती बोट चालवणार, तिकीट फाडणार, लोकांच्या शिव्या खाणार. सीमॅल आणि कॅलमॅक दोन्ही शंभर टक्के सरकारच्याच. २००६ च्या आसपास हे वेगळं केलं, कारण युरोपियन युनियनचा नियम होता की सबसिडी द्यायची तर टेंडर काढा, मग बोटी एकाकडे आणि चालवणं दुसऱ्याकडे असं वाटप झालं. तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं अशी कल्पना, पण आपल्याकडे वाड्याच्या गच्चीचं गळकं पत्र्याचं छप्पर तीन भावांत असलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

२०१५ मध्ये दोन बोटींची ऑर्डर गेली, किंमत ९ कोटी ७० लाख पौंड. फर्ग्युसन यार्ड २०१४ ला बुडालं होतं, ते उद्योगपती जिम मॅकॉल यांनी वाचवलेलं, क्लाइड नदीवरचं व्यापारी जहाजं बांधणारं शेवटचं यार्ड, त्यामुळे काम तिथेच जावं असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते वाटणं काही वाईट नाही. पण जहाजाच्या धंद्यात ऑर्डर देणारा एक कागद मागतोच, की यार्ड बुडालं किंवा बोट आलीच नाही तर भरलेले सगळे पैसे परत. ती पूर्ण हमी यार्डाने दिली नाही. सीमॅलने वर कळवलं की आम्हाला हे धोक्याचं वाटतं, टेंडर पुन्हा काढलेलं बरं. वरून उत्तर आलं, पुढे जा.

पुढचं तुम्हाला फ्लॅटच्या भाषेत सांगतो म्हणजे लगेच कळेल. स्लॅबप्रमाणे पैसे. पाचवा स्लॅब पडला की बिल्डरला हप्ता जातो, खालच्या मजल्यावर प्लंबिंग झालंय का नाही हे बघायला कोणी जात नाही. इथे तसंच झालं, टप्पे ठरलेले, टप्पा झाला म्हटलं की पैसे, काम नीट झालंय का याच्याशी ते फारसं बांधलेलं नव्हतं, त्यामुळे ९ कोटी ७० लाखांपैकी ८ कोटींहून जास्त पौंड देऊन झाले आणि बोटी अर्धवट. वर सरकारने यार्डाला साडेचार कोटींचं कर्ज दिलं ते वेगळंच. ऑगस्ट २०१९ मध्ये यार्ड दिवाळखोरीत गेलं, डिसेंबरमध्ये सरकारने विकत घेतलं. म्हणजे आता ऑर्डर देणारा सरकार, पैसे देणारा सरकार, बोट बांधणारा सरकार आणि चालवणाराही सरकारच. चौथी चूल! मग दंड कोणी कोणाला करायचा?

२०२२ मध्ये कळलं की ग्लेन सॅनॉक्सच्या आत टाकलेल्या नऊशेच्या वर केबली आखूड आहेत, जिथपर्यंत जायला पाहिजे तिथपर्यंत पोचतच नाहीत. मी घरी इन्व्हर्टर बसवताना वायरमनने एक वायर वीतभर कमी ठेवली होती तर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता, इथे नऊशे. दोन्ही बोटींचा मिळून खर्च ४० कोटी पौंडांच्या वर गेला. दुसरी बोट ग्लेन रोझा एप्रिल २०२४ ला पाण्यात उतरवली, पण तिची डिलिव्हरी त्यानंतरही पुढे पुढेच ढकलत नेली.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर मार्च २०२२ च्या रिपोर्टमध्ये आहे. ऑडिट स्कॉटलंड, म्हणजे त्यांचं कॅग म्हणा, त्याचे प्रमुख स्टीफन बॉयल यांनी सगळी फाईल तपासली आणि लिहिलं की पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी हा धोका का पत्करला हे सांगणारा पुरेसा कागदच रेकॉर्डमध्ये नाही. नंतर मे महिन्यात एक जुना मेल सापडला, त्यात तेव्हाचे वाहतूक मंत्री डेरेक मॅके यांनी मान्यता दिल्याचं होतं. २०१५ चा मेल २०२२ ला, तेही बोंबाबोंब झाल्यावर. माझं मत विचाराल तर इथे देखरेख नव्हती असं नाही, देखरेख होती पण धोका आहे म्हणणाऱ्याच्या हातात ब्रेक नव्हता, आणि ज्याच्या हातात ब्रेक होता त्याने का दाबला नाही हे कुठे लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही. ऑडिटर काय, लग्न झाल्यावर पत्रिका बघणार.

भाच्याला एक विचारा, तो ट्रून बंदरातून गेला का आर्ड्रॉसनहून. बहुतेक ट्रून म्हणेल, कारण ही बोट इतकी मोठी झाली की एरनच्या नेहमीच्या आर्ड्रॉसन धक्क्याला ती लागतच नाही. तो धक्का तेव्हा खासगी कंपनीचा होता. बोट कोणती घ्यायची हे ठरवताना धक्का कोण रुंद करणार हे मात्र नक्की झालं नव्हतं.

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या बेटांवरच्या मूठभर लोकांसाठी एवढी सबसिडी का? परवडत नसेल तर त्यांनी शहरात यावं. – एक वाचक, ठाणे

उत्तर: साहेब, हाच हिशोब एसटीला लावला तर कोकणातल्या निम्म्या वाड्यांची मुक्कामी गाडी उद्या बंद होईल. त्यांच्याकडे एक पद्धत आहे, २००८ पासून आधी काही बेटांवर आणि मग २०१५ पर्यंत पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे आणली, की समुद्रावरचं तेवढंच अंतर रस्त्याने गेलात तर जो खर्च येईल त्याच्या हिशोबाने फेरीचं भाडं. रस्ता आपण फुकट वापरतो ना, मग पाण्याचा रस्ता महाग का, असं साधं लॉजिक. तोटा एवढाच झाला की भाडं कमी झाल्यावर टुरिस्टांच्या गाड्या इतक्या वाढल्या की बेटावरच्या माणसालाच दवाखान्याच्या अपॉइंटमेंटसाठी बोटीत गाडीला जागा मिळेना.

प्रश्न: ती कॅलमॅक कंपनी म्हणते आमच्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या वेळेवर, लोक म्हणतात बोट येतच नाही. दोघंही खरं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: होऊ शकतं. आधीच्या कंत्राटात हवामानामुळे वगैरे रद्द झालेली फेरी कंपनीच्या खात्यावर धरत नव्हते, त्यामुळे कागदावरचा आकडा वेगळा आणि धक्क्यावरचा वेगळा, दोन्ही बरोबर. जून २०२३ मध्ये साउथ यूइस्ट बेटाच्या लॉकबॉइसडेल बंदराच्या जवळपास महिनाभराच्या फेऱ्या रद्द केल्या, दुसरीकडे बोट कमी पडली म्हणून यांची उचलून तिकडे. जुन्या बोटी सारख्या दुरुस्तीला आणि नव्या यार्डात अडकलेल्या, मग दुसरं काय होणार. लोकांनी काय केलं, शेकडो माणसं गाड्या, ट्रक घेऊन धक्क्यावर येऊन उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ पासून टेंडर न काढता थेट कॅलमॅकलाच दहा वर्षांचं नवीन कंत्राट दिलंय. मी असतो तर त्यातला एकच भाग आधी वाचला असता, रद्द फेरी मोजायची कशी.

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटाचे. आमच्याकडे पूल नाही, नदी परिवहन खात्याची फेरीबोट हाच रस्ता. चालत जाणाऱ्याला फुकट, त्यामुळे तक्रार केली की म्हणतात फुकट मिळतं ते गोड मानून घ्या. आम्ही विचारायचं तरी काय? – एक वाचक, दिवाडी

उत्तर: फुकट कसलं, पैसे तुमच्याच टॅक्समधून जातात. मी तुमच्याकडे जुने गोव्याहून आलोय, फेरीचा रॅम्प अजून धक्क्याला टेकायचा असतो आणि सगळ्या स्कूटर सुरू झालेल्या, पहिल्या माणसाचा पाय रेसवर, ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता आणि शेजारची बाई निवांत मोगऱ्याचा गजरा सोडवत बसली होती. दुचाकीला भाडं लावायचं ठरवलं होतं ते २०२३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावं लागलं, म्हणजे तुमचा आवाज पोचतो. २०२५ च्या जुलैत रायबंदर–चोडण मार्गावर रो-रो बोटी आल्या, तिथे गर्दी कमी झाली तर जुन्या फेरीबोटींचं काय केलं हे दिवाडीकरांनी विचारायलाच पाहिजे.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि भाषण लिहू नका, नेमकं मागा. तुमच्या मार्गावरच्या फेरीबोटींच्या लॉगबुकची मागच्या सहा महिन्यांची प्रत. किती दिवस बोट बंद होती, का, दुरुस्तीला किती बिल लागलं. शेवटचा सर्व्हे कधी झाला, त्याचं सर्टिफिकेट (हे बंदर कप्तान खात्याकडे, अर्ज वेगळा करा नाहीतर दोन महिने इकडून तिकडे फिरेल). लाइफ जॅकेट किती आहेत आणि बोटीवर ठेवलीत का धक्क्यावरच्या खोलीत कुलपात. विधानसभेत कॅगचा रिपोर्ट येतो, त्यात नदी परिवहनाचं पान असेल तर ते लोकलेखा समितीत कधी चर्चेला आलं हे आमदारांना विचारा. आणि लॉगबुकची प्रत आली की ती चहाच्या गाड्यावर ठेवा, कुठल्या दिवशी बोट खरंच आली होती आणि कुठल्या दिवशी नुसती लिहिली होती हे गाड्यावरची माणसं दहा मिनिटांत सांगतील.

प्रश्न: तुम्ही एवढं बोटींवर लिहिता, तुम्हाला बोट लागत नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर: लागते. मांडव्याला जाताना आल्याचा तुकडा तोंडात आणि नजर क्षितिजावर, मोबाईल अजिबात नाही. तरी एकदा शेजारच्याच्या भेळेच्या वासाने हरलो.